हाताची किंमत आणि मालकाची माणुसकी

शहाद्याला खेटून असलेल्या लोणखेडा परिसरात ऊस, कापूस, केळी, पपई पिकते. हे सारे ज्याच्या घामावर उभे आहे, त्या भिल्ल वा दलित मजुराचा हात मळणी यंत्रात गेला तर काय होते? मालक त्याला दवाखान्यात पोहोचवतो, पट्टीचे पैसे भरतो, वर दोन-पाच हजार हातावर टेकवतो आणि गावभर सांगतो की आम्ही माणुसकी दाखवली. आमचा आक्षेप या माणुसकीवरच आहे! हाताचे मोल मालकाच्या दयेने ठरत नाही. ते १९२३ सालीच कायद्याने ठरवले आहे.

त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. नव्या कामगार संहितांबद्दल आमच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण भरपाईचा गाभा संहितेच्या सातव्या प्रकरणात कायम आहे. इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम करताना झाला, एवढे पुरे. मजूर प्यायलेला होता, हे मालकाचे ठरलेले उत्तर. परंतु मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर ते उत्तर चालत नाही. ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्रावर शेतीकाम करणाराही या कायद्यात येतो, हे शेतमजुराला कोणी सांगतच नाही.

हिशेब असा. मृत्यू झाल्यास मासिक पगाराच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायची. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. बारा हजार पगार असेल तर ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२ लाख ४७ हजार ८८० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर निम्म्याऐवजी साठ टक्के पगार धरतात. एक पंजा गेला तर कमाईची ताकद ६० टक्के गेली असे परिशिष्ट सांगते, अंगठा गेला तर ३० टक्के. मात्र हे टक्के म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा हे पूर्ण अपंगत्वच. केवळ अंगमेहनतीवर जगणाऱ्या आमच्या माणसाने हा निकाल ध्यानात ठेवावा.

ठेकेदाराचा माणूस आहे, आमचा नाही, हे दुसरे ठरलेले उत्तर. आपल्याच धंद्याचे काम ठेकेदाराकडून करवून घेणाऱ्या मूळ मालकालाही भरपाई द्यावी लागते. पुढे ती त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा प्रश्न.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, प्रा. अदारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. त्या विम्यात नोंद असलेल्या कामगाराला भरपाई तिथूनच मिळते. पण लोणखेड्याच्या शिवारातल्या मजुराची नोंद कोणत्या वहीत आहे?

कायदा असला तरी वाट किती लांब असते, ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या घराला विचारावे. २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटे तीनच्या पाळीला जाताना तो रस्त्यात अपघाती मेला. आयुक्तांनी २००९ साली ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिले. उच्च न्यायालयाने २०११ साली ते रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी ते परत दिले. बावीस वर्षे! कामावर जाता-येतानाचा अपघात आता संहितेतच धरला आहे, तो या कुटुंबाच्या पायपिटीनंतर.

दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. तोवर दवाखान्याचे कागद, पोलिसातली नोंद, हजेरीची चिठ्ठी, सोबतच्या दोन मजुरांची नावे जपून ठेवावीत. मृत्यूची भरपाई प्राधिकाऱ्याकडे जमा व्हावी लागते, परस्पर विधवेच्या हातात दिलेली रक्कम भरपाईत धरली जात नाही. आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर मुकादमाने अंगठा घेतला असेल, तरी घाबरून घरी बसू नये. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढे रद्द ठरतो.