गळ टाकायचाय? खिसा सांभाळून!

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा आणि थेट रेवदंड्याची खाडी गाठायची. रात्रभर गळ टाकून बसायचं. आयडिया झकास! पण दुकानात शिरलात की सेल्समन महागडा कार्बन रॉड पुढे करतो. थांबा, बॉस! वर्षातून तीन-चारदाच जाणार असाल, तर त्याची गरज नाही.

रॉड: सात-आठ फुटी, फायबरग्लासचा, दोन तुकड्यांत सुटणारा. थोडा जड, पण आपटला-धोपटला तरी सहज तुटत नाही.

रील: 4000 साइझचं स्पिनिंग रील. साधी जोडी दीड-दोन हजारांत बसते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारं पाणी ते खाऊन टाकेल.

तंगूस: म्हणजे नायलॉनची दोरी, 0.40 मिमी जाडीची. इथे कंजुषी नको.

बाकी गळ, शिसं आणि आमिषाला ताजी कोळंबी. पक्कडही हवीच, कारण शेंगाळ्याचा काटा विषारी असतो.

वाचलेले पैसे चांगल्या हेडलॅम्पवर घाला. गेल्या वर्षी मी तिथेच चुकलो. खडकावर बसलेलो असताना स्वस्तातली टॉर्च विझली आणि मागून भरतीचं पाणी शिरलं. गुडघाभर पाण्यातून चाचपडत कसाबसा बाहेर आलो. रॉड तिथेच राहिला.

नंतर गावातल्या कोळीकाकांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. दिवसाही आणि रात्रीही. तेव्हा निघण्यापूर्वी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. ते फुकट आहे! आणि पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका.