शाळेचा निरोप

शनिवारची सकाळची शाळा सुटावयास दहाएक मिनिटे उरलेली असतात. गुरुजी फळ्यावरील गणित पुसत असतात आणि मुलांचे हात हळूच दप्तराकडे वळलेले असतात. इतक्यात वरच्या वर्गातील एक मुलगा पुठ्ठ्याची लांबट वही घेऊन दारात उभा राहतो. “गुरुजी, सूचना आहे,” असे तो म्हणतो मात्र, आणि सारा वर्ग क्षणार्धात शांत होतो. “सुटीची असेल,” अशी कुजबुज मागील बाकांवरून ऐकू येते. सूचना बहुधा सुटीची नसते. तरीही प्रत्येक वेळी मुलांना तशी आशा वाटतेच!

मुलांनो, ती वही तुमच्या ओळखीची आहे. तिला सूचनावही म्हणतात. शाळेत काही घडावयाचे असले, की मुख्याध्यापक त्या वहीत ते लिहितात व खाली दिनांक घालून स्वाक्षरी करतात. मग वही वर्गावर्गांतून फिरते. प्रत्येक शिक्षक सूचना वाचून दाखवितात आणि आपल्या नावापुढे सही करतात. ही सही कशासाठी? ‘मला हे कळले नव्हते’ असे पुढे कोणास म्हणता येऊ नये, यासाठी. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई, तेव्हा ती कोणी ऐकली व कोणी ऐकली नाही याचा काहीच पुरावा मागे उरत नसे. वहीतील सह्यांनी ती उणीव भरून काढली आहे.

परंतु वही शाळेतच राहते. तेथून पुढे घरापर्यंतचा निरोप न्यावयाचा तो तुम्ही, आणि निरोप हरवतो तोही बहुधा याच वाटेवर. मी पाचवीत असताना आमच्या शाळेची सहल पन्हाळ्यास जावयाची होती. वडिलांच्या सहीसाठी दिलेला कागद मी चौघडी करून खिशात ठेवला आणि खेळावयास पळालो. दोन दिवसांनी धुतलेल्या विजारीच्या खिशातून त्या कागदाचा ओला गोळा निघाला. भीतीने मी घरी काही बोललो नाही आणि शाळेतही गप्प राहिलो. वडिलांनी नकार दिला, असे गुरुजी समजले. वडिलांना तर सहलीची वार्ताच नव्हती. सहलीहून परतलेली मुले तीन दरवाजाच्या गोष्टी सांगू लागली, तेव्हा मला रडू आवरेना. सहल बुडाल्याचे दुःख पुढे ओसरले. पण वडिलांच्या पदरी फुकटचा बोल आला, तो माझ्यामुळे, हे अजूनही मनाला टोचते.

निरोप लिहिणाराचीही काही जबाबदारी असतेच. ‘उद्या पालकांनी शाळेत यावे’ एवढीच चिठ्ठी घरी आली, तर काय होईल? मुलाने काही आगळीक तर केली नाही ना, या काळजीने आईला रात्रभर झोप लागणार नाही. मजुरीवर जाणाऱ्या बापाचा एक खाडा होईल, आणि शाळेत गेल्यावर कळेल, की केवळ एका अर्जावर सही हवी होती. शिवाय ‘उद्या’ हा शब्द चिठ्ठीत फार फसवा असतो. चिठ्ठी एक दिवस उशिरा वाचली गेली, की तिच्यातील ‘उद्या’ हा ‘आज’ होऊन बसतो. म्हणून दिनांक लिहावा आणि त्याच्याजवळ वारही लिहावा. दोहोंत मेळ नसेल, तर चूक झाली आहे हे वाचणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते. चांगली सूचना कशी असते पाहा:

‘शनिवार, दि. १५ नोव्हेंबर रोजी सकाळी ११ वाजता शाळेच्या व्हरांड्यात पालकसभा भरेल. मुलांची प्रगतिपुस्तके दाखविली जातील व शाळेतील पिण्याच्या पाण्याविषयी विचार होईल. आई किंवा वडील, दोघांपैकी कोणीही आले तरी चालेल. सभा एक तासात आटोपेल.’

शेवटचे वाक्य मला विशेष आवडते. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला किती वेळ मोडणार हे आधी कळणे अगत्याचे असते.

अशा सभेला येणारे पालक हे काही पाहुणे नव्हेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी, असे त्या कायद्याने ठरविले. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालकच असावे लागतात, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असतात. तेव्हा पाण्याच्या टाकीची गोष्ट तुमच्या आईला विचारली जाते, ती उपकार म्हणून नव्हे.

कधी कधी नुसती चिठ्ठी पुरत नाही. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर व रुबेला या रोगांविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील मुलांना लस टोचावयाची होती. त्यामुळे पुष्कळसे काम शाळांमधूनच झाले. त्याच वेळी मोबाइलवरून लसीविषयी अफवाही पसरू लागल्या. अशा वेळी ‘मुलांना पाठवावे’ एवढे लिहून भागत नाही. पालकांना शाळेत बोलावून त्यांच्या शंका ऐकून घ्याव्या लागतात. रोग कोणता, लस कशासाठी, टोचल्यावर थोडा ताप आला तर काय करावे, हे शांतपणे सांगावे लागते. भ्यालेल्या माणसाला हुकूम नको असतो, उत्तर हवे असते.

आता सूचना मोबाइलवरूनही घरी येतात. सोय मोठीच आहे. मात्र घरात एकच फोन असेल आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर आईला सूचना कळते ती रात्री. म्हणून तुम्ही तोंडी सांगितलेला निरोप अजून निकामी झालेला नाही.

आनंदाच्या सूचना तर वर्षभर येतच असतात. जूनमध्ये पहिलीच्या मुलांचा प्रवेशोत्सव असतो. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती असते, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. ७ नोव्हेंबरचे महत्त्व मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. १९०० साली त्या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या दाखल्यात एका मुलाचे नाव चढले. तो मुलगा म्हणजे पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

आणि ज्यांचे घरच शाळेपासून दूर निघून जाते, त्यांचे काय? पावसाळा संपला, की बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. बैलगाड्या व ट्रक यांवर संसार चढतो; मुलेही बरोबर जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहांची सोय केलेली असते. जी जातात, त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यावयाचे असते. मूल कोणत्या वर्गात आहे व काय शिकले आहे, हे त्या कार्डावर लिहिलेले असते, म्हणजे नव्या गावातील शाळेला त्याला लगेच दाखल करून घेता येते. येथे निरोप शाळेकडून घरी जात नाही. एका शाळेकडून दुसऱ्या शाळेकडे जातो आणि तो नेणारे असते ते मूलच. फडावरच्या कोपीत, पत्र्याच्या पेटीत, आईच्या लुगड्याच्या घडीखाली ते कार्ड जपून ठेवलेले असते. एके दिवशी सकाळी एक मुलगी ते घेऊन अनोळखी शाळेच्या दारात उभी राहते. गुरुजी कार्ड उलगडून वाचतात आणि विचारतात, “चौथीत का? ये, तिथे खिडकीपाशी जागा आहे.”