पॅकेज एकच, सेटिंग वेगळी

दिग्रस गावातल्या कुणाचं खातं स्टेट बँकेत असो की बँक ऑफ महाराष्ट्रात, मागे चालणारं पॅकेज एकच: टीसीएसचं बॅन्क्स. व्याजदर, शुल्क यांसारख्या गोष्टी कोडबाहेर ठेवायच्या, ही अशा पॅकेजांची रीत.

मेनफ्रेमवर ती जुनीच. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६०च्या जमान्यापासून, प्रोग्रामने कोणती फाइल उघडायची हे जेसीएल या कामाच्या सूचना देणाऱ्या भाषेतली डीडी ओळ सांगते. चाचणीची की खरी? एका ओळीवर ठरतं.

खरी गंमत मेनफ्रेमवर चालणाऱ्या जावा पॅकेजांत. लॅपटॉपवरची सेटिंगची फाइल जशीच्या तशी मेनफ्रेमच्या झेड/ओएस प्रणालीवर नेली, तर एडिटरमध्ये अनेकदा नुसता कचरा दिसतो; कारण इंग्रजी मोठ्या 'ए'चा आकडा आस्की या अक्षरसंकेतात ६५, तर तिथल्या एब्सिडिकमध्ये १९३. म्हणून ती एब्सिडिकमध्ये बदलावी, तर माणसाला वाचता येते, पण जावाची प्रॉपर्टीज फाइल वाचणारी नेहमीची पद्धत लॅटिन-१ गृहीत धरते आणि ॲप अडतं!