उलोमामाचे चाहते का भांडतात?

सिनेमा पाहून घरी येताना तुमचं आणि ताईचं कधी वाजलंय का? तुम्ही म्हणता, "काय धमाल होती!" ताई म्हणते, "हॅ! मला तर झोप आली." मग घर येईपर्यंत तुमची जुंपलेलीच. शेवटी आई दोघांनाही गप्प बसवते.

आज मी तुम्हांला अशा एका माणसाची ओळख करून देणार आहे, की ज्याच्या विनोदी सिनेमांवरून गेली सत्तरहून अधिक वर्षं अशीच भांडणं चालू आहेत. आणि भांडणारे कोण? त्याचेच चाहते बरं का! तो सगळ्यांना आवडतो; पण त्याचा कोणता सिनेमा सगळ्यांत चांगला, हे विचारलं की झाली सुरुवात!

त्याचं नाव झाक ताती. हा फ्रान्सचा. १९०७ साली पॅरिसजवळ जन्मला आणि १९८२ साली वारला. घरचा धंदा चित्रांना चौकटी करण्याचा. पण या ताडमाड उंच मुलाचं लक्ष रग्बीच्या मैदानावर. सामना संपला की हा खेळाडूंच्या अशा नकला करायचा, की बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची. पुढे नकला हाच त्याचा व्यवसाय झाला. रंगमंचावर एकटा उभा राहून, एक शब्दही न बोलता, तो कधी टेनिसपटू व्हायचा, कधी गोलरक्षक, तर कधी घोडेस्वार, आणि वर त्याचा घोडासुद्धा!

मग तो सिनेमाकडे वळला. लिहिणार तो, दिग्दर्शन करणार तो, मुख्य काम करणारही तोच. कुणी घाई केलेली त्याला चालत नसे. म्हणून आयुष्यभरात त्याचे मोठे सिनेमे झाले फक्त सहा. पण त्या सहांनी चाहत्यांचे तट पाडले. चला, एकेका तटाचं म्हणणं ऐकू या.

पोस्टमनवाले

हे म्हणतात, तातीचा पहिला सिनेमाच अस्सल. त्याचं नाव 'झूर द फेत', म्हणजे जत्रेचा दिवस. तो १९४९ साली पडद्यावर आला. एका खेड्यात जत्रा भरते. तिथे तंबूत अमेरिकन टपालखात्याची चित्रफीत दाखवतात. ती पाहून गावचा पोस्टमन फ्रांस्वा पेटतो. आपणही झटपट टपाल वाटायचं! मग काय, सायकलवरून भन्नाट सुटतो. पुढे चाललेल्या ट्रकच्या मागच्या फळीला धरतो, तिचंच टेबल करतो आणि पायडल मारता मारता पत्रांवर शिक्के मारतो. असा धावत सुटलेला पोस्टमन शेवटी कुठे जातो? सरळ नदीत!

या सिनेमाची एक गंमत आहे. १९४७ साली चित्रण झालं तेव्हा तातीनं दोन कॅमेरे वापरले. एकात नव्या पद्धतीची रंगीत फिल्म, दुसऱ्यात साधी काळी-पांढरी. दुसरा कॅमेरा आपला असावा म्हणून ठेवलेला. पण रंगीत फिल्मच्या प्रती काही केल्या निघेनात! म्हणून लोकांनी सिनेमा पाहिला तो काळा-पांढराच. ताती गेल्यानंतर त्याच्या मुलीनं, सोफीनं, ती जुनी फिल्म सहकाऱ्यांच्या मदतीनं नीट करून घेतली आणि १९९५ साली जत्रा रंगीत झाली. आता पोस्टमनवाल्यांमध्येही दोन गट पडले. कुणाला रंगीत आवडतो, तर कुणी म्हणतं, "आम्हांला आमचा काळा-पांढराच बरा."

सुट्टीवाले

पोस्टमन लोकांना इतका आवडला, की ताती त्याचे आणखी सिनेमे सहज काढू शकला असता. पण त्यानं पोस्टमनला रजा दिली आणि उभा केला एक नवा माणूस. त्याचं नाव उलो. डोक्यावर टोपी, तोंडात तंबाखू ओढायचा पाइप, आखूड पँट, तिच्याखाली दिसणारे मोजे. आणि चाल अशी, की पुढे झुकलेला हा माणूस आता पडतो की मग पडतो! तुमच्यापैकी पुष्कळांनी मिस्टर बीन पाहिला असेल. बीनचं काम करणाऱ्या रोवन अॅटकिन्सननं उलोचा आपल्यावर मोठा परिणाम झाल्याचं सांगितलं आहे.

१९५३ सालच्या सिनेमात हे उलोसाहेब सुट्टीसाठी समुद्रकाठी जातात. गोष्ट एवढीच! पण सुरुवातच पाहा. रेल्वे स्टेशनवर ध्वनिक्षेपकातून घोषणा होते, ती कुणालाच कळत नाही. सगळे प्रवासी सामान घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर धावतात, पुन्हा घोषणा, पुन्हा धावाधाव. एस.टी. स्टँडवर कान टवकारून उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे उलो हॉटेलचं दार उघडं टाकतो, तर आत असा वारा सुटतो, की किटलीतून कपात पडणारी चहाची धारसुद्धा वाकडी होते!

सुट्टीवाले म्हणतात, "या सिनेमात आम्हांला आमची सुट्टी परत मिळते." अमेरिकेतले प्रसिद्ध समीक्षक रॉजर इबर्ट याच तटातले. त्यांनी लिहिलंय, की पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपल्याला वाटलं होतं तेवढं हसू आलं नाही. पण सिनेमा डोक्यातून जाईना. पुन्हा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मग तो त्यांच्या खास ठेव्यातलाच एक झाला.

मामावाले

१९५८ साली आला 'माँ नोंक्ल'. फ्रेंच भाषेत काका आणि मामा दोघांनाही एकच शब्द आहे. पण यातला उलो हा लहानग्या जेरारच्या आईचा भाऊ. म्हणून आपण म्हणू 'माझा मामा'. या सिनेमाला कान महोत्सवात परीक्षक मंडळाचं खास पारितोषिक मिळालं आणि परदेशी चित्रपटाचं ऑस्करही.

जेरारचं घर अगदी नवं, चकचकीत, सगळं बटणावर चालणारं. बागेत उभ्या माशाचं कारंजं आहे. पण ते नेहमी चालू नसतं हं! दारावरची घंटा वाजली, की आई आधी बटण दाबते आणि मग दार उघडते. आलेला माणूस घरचाच किंवा साधासुधा निघाला, की कारंजं बंद! मामाचं घर मात्र जुन्या वस्तीत, वेड्यावाकड्या जिन्यांचं. तो वर जाताना कधी या खिडकीत दिसतो, कधी त्या. जेरारला कुठलं घर आवडत असेल, सांगायला हवं का?

या सिनेमातले काही प्रसंग मी आमच्या चौथीच्या वर्गाला दाखवले. बोलणं फार थोडं असल्यानं भाषेची अडचण आली नाही. मग मी विचारलं, "हसू कुठे आलं?" एक मुलगी म्हणाली, "बाई, कारंज्याला. आमच्याकडे पण चांगले कप कपाटातून पाहुणे आले की मगच निघतात." एक मुलगा म्हणाला, "मी कुत्र्यालाच बघत होतो. भटक्या कुत्र्यांबरोबर उकिरडा हुंगतोय आणि अंगात चौकड्यांचा कोट!" तिसरा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मला नाही आवडला. मामा काही करतच नाही."

वर्ग त्याला हसला. पण मी म्हटलं, थांबा. मोठमोठ्या चाहत्यांनीही अशी तक्रार केली आहे. काहींना वाटतं, की या सिनेमात जुनं ते सगळं गोड आणि नवं ते सगळं वेडगळ दाखवलंय, हे काही बरोबर नाही. त्यांना मामावाले उत्तर देतात, "अहो, नव्या घराला तो हसत नाही. माणसं घराची नोकर होतात, त्याला हसतो." तुम्हीच पाहा आणि ठरवा.

प्लेटाइमवाले

आता सगळ्यांत कडवा तट. १९६७ सालचा 'प्लेटाइम' त्यांचा लाडका. यासाठी तातीनं पॅरिसच्या कडेला एक अख्खं खोटं शहर उभारलं. रस्ते, काचेच्या उंच इमारती, स्वतंत्र वीजकेंद्र! लोक त्याला 'तातीविल' म्हणत. तातीचं गाव! चित्रण सुमारे तीन वर्षं चाललं. नेहमीच्या दुप्पट रुंद, सत्तर मिलिमीटरची फिल्म वापरली.

आणि एवढं करून त्यानं काय केलं? उलोला गर्दीत सोडून दिलं! कधी तो कोपऱ्यात दिसतो, कधी दिसतच नाही, कधी भलताच कुणी उलोसारखा दिसतो. चेहरे जवळून जवळजवळ दाखवलेच नाहीत. एका हॉटेलचं काचेचं दार फुटतं, तर दरवान नुसती मूठ हातात धरून, नसलेलं दार अदबीनं उघडत राहतो आणि पाहुणेही ऐटीत आत येतात. अशा कितीतरी गमती एकाच वेळी चालू. इकडे पाहिलं तर तिकडची हुकते!

तेव्हाचे प्रेक्षक गोंधळले. "आमचा उलो कुठाय? गोष्ट कुठाय?" सिनेमा हवा तसा चालला नाही. ताती कर्जात बुडाला. राहतं घर गेलं, स्वतःच्याच सिनेमांवरचे हक्क गेले. हे खोटं शहर पुढच्या सिनेमा शिकणाऱ्या मुलांना वापरता यावं अशी त्याची इच्छा होती. पण तेही पाडलं गेलं. पुढे त्यानं 'ट्रॅफिक' (१९७१) आणि 'परेड' (१९७४) केले. पण एवढा मोठा पसारा त्याला पुन्हा मांडता आला नाही.

फ्रान्सचाच मोठा दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो मात्र या सिनेमाच्या बाजूनं उभा राहिला. हळूहळू तट वाढत गेला. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना आजवरचे सर्वोत्तम सिनेमे विचारतं. २०२२ सालच्या यादीत 'प्लेटाइम' होता तेविसावा! पण ते पाहायला ताती नव्हता.

मग बरोबर कोण?

मला विचाराल तर भांडणाचं कारण तातीनंच पेरून ठेवलंय. पुष्कळ विनोदी सिनेमांत, आता हसा, हे आपल्याला खुणेनं सांगतात. चेहरा मोठा करून दाखवतात, मोठ्यानं संगीत वाजवतात. टीव्हीवर तर हसण्याचे आवाजही तेच घालतात. ताती असं करत नाही. तो चित्र तुमच्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, शोधा! त्यामुळे मुलीला कारंजं सापडतं, मुलाला कुत्रा सापडतो आणि तिसऱ्याला काहीच सापडत नाही. प्रत्येकानं सिनेमा तोच पाहिला, पण हसू ज्याचं त्याचं निराळं. 'प्लेटाइम'मध्ये त्यानं हे शेवटच्या टोकाला नेलं आणि त्यापायी घरदार गमावलं. प्रेक्षक हुशार आहेत, त्यांचं ते पाहून घेतील, एवढा विश्वास त्यानं आपल्यावर टाकला होता.

म्हणून चाहत्यांचं भांडण मला फार आवडतं. ते "भारी" आणि "बोअर" एवढ्यावर थांबत नाहीत. कुठे हसलो, का हसलो, काय खटकलं, ते सांगतात. तुम्हीही तसंच करून पाहा. तातीचा सिनेमा मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर नको, घरातल्या मोठ्यात मोठ्या पडद्यावर लावा. नजर मधोमध ठेवू नका, कोपरे बघा. कान उघडे ठेवा. तो चित्रण आधी करी आणि एकेक आवाज नंतर निवडून घाली. दाराचा "टुंग" आवाजसुद्धा त्यानं हौसेनं घातलेला असतो. आणि नाही आवडला, तर खुशाल तसं म्हणा. फक्त कारण सांगा!

पालकहो, एक गोष्ट तुमच्यासाठी. 'माझा मामा'मध्ये टवाळ मुलं रस्त्याच्या कडेला लपून शीळ घालतात. चालणारा माणूस मागे वळून पाहतो आणि खांबावर आपटतो. जेरारचे बाबा कडक, मुलाला काही समजून न घेणारे. शेवटी मामाला निरोप द्यायला विमानतळावर गेल्यावर त्याला हाक मारायला तेच शीळ घालतात आणि कुणी भलताच माणूस खांबावर धडकतो! बापलेक गडबडून लपतात. जेरार हळूच बाबांचा हात धरतो. सगळ्या सिनेमात ते दोघं एकत्र हसतात ते इथेच.

तेव्हा पुढच्या रविवारी मुलांच्या शेजारी बसून पाहा. आणि मूल तुम्हांला हसू न आलेल्या जागी हसलं, तर "यात काय हसण्यासारखं?" असं म्हणू नका. "मला दिसलं नाही रे, दाखव ना," असं म्हणा. ते सिनेमा मागे नेऊन नक्की दाखवेल!