आग लागलेल्या घरातील विजेची जोडणी

आग विझली, पंचनामा झाला, की घरच्या मंडळींना एकच घाई असते: भिंतींस रंग देऊन लवकर राहावयास यावे. ते साहजिकच आहे. नातलगांच्या घरी माणसाने किती दिवस काढावे? या घाईत मग असे ठरते की, जळलेल्या खोलीतील तारा तेवढ्या बदलाव्या, बाकीच्या चांगल्याच दिसतात. बडोद्यातील एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरील जागेचे काम पाहताना मीही प्रथम तसेच म्हटले होते. जळले होते स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत नुसती काजळी. परंतु तेथील स्विचबोर्ड उघडला तो पितळी स्क्रूंवर हिरवट थर चढलेला, आणि माझे मत बदलले.

याचे कारण असे. तारेवरील पीव्हीसीचे आवरण जळले म्हणजे त्यातून हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू निघतो. धुराबरोबर तो न जळलेल्या खोल्यांतही शिरतो, आणि बंबाच्या पाण्याशी किंवा दमट हवेशी मिळून त्याचे आम्ल बनते. हे आम्ल तांबे व पितळ सावकाश खात राहते. सांधा खराब झाला की तेथे उष्णता साठते, आणि पुढेमागे त्याच जागी पुन्हा आग धरू शकते. शिवाय साधे पीव्हीसी नित्य वापरात 70 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकण्यासाठी केलेले असते. पाइपातील तार जळली नाही तरी तिचे आवरण मऊ पडून शेजारच्या तारेस चिकटलेले असू शकते, आणि बाहेरून ते दिसत नाही.

मेगर लावून पाहू, असे वायरमन म्हणतो. 500 व्होल्टच्या मेगरने 1 मेगओहमपेक्षा कमी आकडा येऊ नये, हे खरे. पण वैशाखात उत्तीर्ण झालेली तार श्रावणात नापास होते! ही परीक्षा नव्या कामासाठी आहे; जुन्या तारेस माफी देण्यासाठी नव्हे.

आता नियमांविषयी. 1956 चे भारतीय विद्युत नियम जाऊन 2010 साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, आणि त्यांच्या जागी 2023 चे. जोडणी कशी करावी हे भारतीय मानक 732 मध्ये सांगितले आहे. म्हणून पूर्वी होते तसेच पुन्हा करणे योग्य नाही. जुन्या घरांत पुष्कळदा अर्थिंगची तारच नसते. ती प्रत्येक पॉइंटपर्यंत न्यावी लागते. न्यूट्रलवर फ्यूज असल्यास तो काढावा. दिव्यांस दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, 16 अँपिअरच्या सॉकेटास किमान अडीचची, आणि गीझरची वाट स्वतंत्र. एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसाचा जीव एक दशांश अँपिअरनेही जाऊ शकतो, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीस त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरच्या गळतीस तुटणारी आरसीसीबी हवी, आणि तिचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावे. वीजपुरवठा पुन्हा जोडताना त्याचा चाचणी-अहवाल लागतो. विमा असेल तर सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत जळका बोर्ड फेकू नये. गिलावा होण्यापूर्वी भिंतीतील पाइपांची छायाचित्रे काढून ठेवावी, म्हणजे पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात.

त्या जागेत अखेर तिन्ही खोल्यांचे पाइप रिकामे केले. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतील चार तारा एकत्र चिकटूनच बाहेर आल्या. यजमानांस आणखी पंधरवडा बाहेर काढावा लागला, आणि त्या चार तारा हाती देईपर्यंत ते माझ्यावर नाराजच होते.