टाकीतली वलगण

मृगाच्या सरी कोसळल्या की वाणगाव-डहाणू पट्ट्यातल्या ओढ्यांत मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. हीच वलगण. नेमका अंडी घालायला निघालेला मासा तेव्हा पकडणाऱ्यांच्या टोपलीत जातो, हे तिचे वाईट अंग. माशाला ऋतू कळतो तो पाण्यातून: ते गार होते, त्यातले क्षार कमी होतात, ओघ वाढतो. घरच्या काचेच्या टाकीत पैदास करणारे हौशी लोक याच खुणांची नक्कल करतात. दक्षिण अमेरिकेतल्या मिशाळ कोरीडोरसच्या टाकीतले थोडे पाणी काढून त्याजागी दोन-तीन अंश गार पाणी घातले, की पुष्कळदा एक-दोन दिवसांत काचेवर अंडी चिकटलेली दिसतात.

पण जोडीच नसेल तर पाऊस पाडून काय उपयोग? आधी नर-मादी ओळखता आली पाहिजे.

सोपा धडा गप्पीचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खाते विहिरींत आणि डबक्यांत सोडते, तोच हा मासा. नर लहान आणि रंगीत, मादी मोठी आणि फिकी. मात्र महिन्याभराच्या पिलांत रंगावर विसंबू नये, पोटाखालचा पर पाहावा. मादीचा पर पंख्यासारखा पसरट राहतो, नराचा निमुळता होत काडीसारखा होतो. ही काडी म्हणजे वीर्य मादीच्या शरीरात पोचवण्याचे साधन, कारण गप्पी अंडी न घालता जिवंत पिले देतो. मादीच्या पोटामागे गडद डाग असतो आणि पिले वाढतात तसा तो मोठा दिसू लागतो. साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस, कधी त्याहून जास्त पिले बाहेर पडतात, आणि दाट झुडूप नसेल तर आईच ती गिळते. खरी कमाल पुढे आहे: एकदा मिळालेले वीर्य मादी कित्येक महिने साठवून ठेवते. दुकानातून एकटी आणलेली मादी नराशिवाय पुन्हा पुन्हा विते ती यामुळे.

एंजलमध्ये मात्र भलेभले फसतात. एरवी नर-मादी सारखेच दिसतात. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली छोटी नळी बाहेर येते, ती नराची बारीक व टोकदार, मादीची जाड व बोथट. दोन माद्यासुद्धा जोडी जमवून पानावर अंडी घालतात आणि इमानाने पंखांनी वारा घालत बसतात. दोन-तीन दिवसांत सगळी पांढरी पडून बुरशी धरते, तेव्हा उलगडा होतो.

फायटरचा संसार बापाच्या गळ्यात. मादीच्या पोटाखाली पांढरा ठिपका दिसतो. नर लाळेच्या बुडबुड्यांचे घरटे बांधतो, मादीला विळखा घालतो, आणि खाली पडणारी अंडी तोंडात धरून एकेक वर चिकटवतो. नंतर मादीला लगेच बाहेर काढायचे, नाहीतर तो तिची चाळण करतो. पिले स्वतः पोहू लागली की बापालाही हलवायचे. टाकीवर झाकण हवेच, कारण तीन-चार आठवड्यांत पिले पृष्ठभागावरची हवा घेऊ लागतात आणि ती गार असली तर दगावतात. डिसेंबरच्या पहाटे वाणगावातही हीटर लागतो तो अशांसाठी.

पाणीही ज्याच्या त्याच्या मानवणीचे लागते. खाडीकडच्या बोअरचे क्षारी पाणी मॉलीला मानवते, पण निऑन टेट्राच्या अंड्यांना मऊ, किंचित आंबट पाणी आणि अंधार लागतो. पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर धरलेले पावसाचे पाणी इथे फार कामाचे, पण ते नेहमीच्या पाण्यात मिसळूनच वापरावे.

एवढ्या परदेशी माशांत आपल्या कोकणपट्टीतला पट्टेदार पँचॅक्स बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. परदेशातले शौकीन तो हौसेने पाळतात. नराच्या परांची टोके लांबट असतात, मादीच्या पाठीवरच्या पराच्या बुडाशी काळा डाग असतो. टाकीत लोकरीचा झुबका सोडला की मादी रोज थोडी थोडी अंडी त्यात अडकवते. ती इतकी टणक असतात की बोटांनी उचलून वेगळ्या वाटीत ठेवता येतात, आणि साधारण दोन आठवड्यांनी फुटतात.