वाइन रूटवर कॅम्पर: रात्री गाडी कुठे लावायची?

आई-बाबांचा व्हिसा आला आणि बाबांनी फोनवर पहिली अट घातली, "सप्टेंबर संपायच्या आत मी निफाडला पाहिजे. ऑक्टोबरची छाटणी दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची नाही." सगळा जन्म द्राक्षबागेत गेलेला माणूस. त्याला कायझर्सलाउटर्नला आणून इथली द्राक्षं दाखवायची नाहीत, हे शक्य नव्हतं. प्रश्न आईच्या गुडघ्यांचा होता. रोज नवं हॉटेल, त्याचे जिने, बॅगांची चढउतार हे तिला झेपलं नसतं. म्हणून चार दिवस कॅम्पर भाड्याने घ्यायचा ठरला. रामश्टाइनचा अमेरिकन हवाई तळ शेजारीच असल्यामुळे आमच्याकडे त्याला ‘आरव्ही’ म्हणणारेही पुष्कळ. जर्मन शब्द ‘वोनमोबिल’.

आमच्या गावापासून पूर्वेला फाल्झचं जंगल ओलांडलं, की अर्ध्या-पाऊण तासात डोंगर एकदम संपतो आणि उतारावर द्राक्षंच द्राक्षं दिसू लागतात. डोंगर पश्चिमेचा पाऊस अडवतो, त्यामुळे इथे अंजीर आणि बदामही पिकतात. याच पट्ट्यातून ‘डॉइचे वाइनश्ट्रासे’ जातो. उत्तरेला बोकेनहाइम, दक्षिणेला फ्रान्सच्या सीमेवरचं श्वायगेन, मध्ये साधारण 85 किलोमीटर. 1935 साली, नाझी राजवटीत, साठलेली वाइन खपावी म्हणून हा मार्ग आखला गेला. अंतर म्हणाल तर एका सकाळीही संपेल. त्यामुळे इथे गाडी किती चालवायची यापेक्षा रात्री ती कुठे उभी करायची, हे ठरवणं महत्त्वाचं.

आधी दोन शब्द समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखा गोंधळ होईल. ‘कॅम्पिंगप्लात्स’ म्हणजे कुंपण, ऑफिस, न्हाणीघरं, भांडी घासायची जागा, तंबूवाले, मुलांची घसरगुंडी. ‘श्टेलप्लात्स’ म्हणजे फक्त कॅम्परसाठी आखलेली जागा. कुठे वीज-पाणी असतं, कुठे तेही नसतं. ती गावाच्या कडेला असते, किंवा थेट एखाद्या विन्त्सरच्या, म्हणजे द्राक्ष पिकवून वाइन करणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात. पहिली महाग आणि सोयीची, दुसरी स्वस्त. रस्त्याकडेला कुठेही मुक्काम ठोकायला जर्मनीत परवानगी नाही. ड्रायव्हरने थकवा घालवण्यापुरती झोप घेतलेली चालते, पण बाहेर खुर्च्या मांडल्या की दंडाला आमंत्रण.

दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर गेलो होतो तेव्हा मी फोटो बघून जागा निवडली होती. नाव सांगत नाही. तळं छान, न्हाणीघर चकाचक, पण जवळच्या वाइनच्या गावाला जायचं तर गाडीच काढावी लागे. इथे ड्रायव्हरच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा हजारी 0.5 आहे, आणि साडेतीन टनांचं घर हाकताना मी शून्यच मानतो. परिणाम असा, की तीन दिवस वाइनच्या मुलखात फिरून मी सफरचंदाचा रस पिऊन परतलो! तेव्हापासून एकच कसोटी धरली आहे. संध्याकाळी जिथे बसायचं, तिथून बिछान्यापर्यंत चालत येता आलं पाहिजे.

या वेळी कसोटी आणखी एक होती. आईने गाडीतल्या संडासाची कॅसेट बघितली, ती रोज ओतायला न्यावी लागते हे ऐकलं आणि स्पष्ट सांगितलं, "मी हे वापरणार नाही." झालं! म्हणून पहिली आणि तिसरी रात्र कॅम्पिंगप्लात्सवर, दुसरी एका विन्त्सरकडे, अशी वाटणी केली. कॅम्पिंगप्लात्सवर जागा मागताना न्हाणीघराजवळची मागा. आम्ही पन्नास पावलांवरची मिळवली, त्यामुळे रात्री आईला टॉर्च घेऊन फार चालावं लागलं नाही. आणखी एक. दुपारी 1 ते 3 बऱ्याच ठिकाणी फाटक बंद असतं. ती त्यांची वामकुक्षी, त्यात गाडी आत घेत नाहीत. रात्री 10 नंतर शांतता. कुकरच्या शिट्ट्या त्याआधी उरकून घ्या, शेजारचे काका दचकून बाहेर येतात.

विजेचं गणितही आधी विचारा. काही जागी खांबाला 6 अँपिअरचाच फ्यूज असतो. 230 व्होल्टला म्हणजे जेमतेम 1380 वॉट. घरची 2000 वॉटची किटली लावली की दिवे गेलेच. आम्ही चहासुद्धा गॅसवर केला. फोडणी मात्र गाडीबाहेर, नाहीतर परत देताना सीटला जिऱ्या-मोहरीचा वास आणि वर साफसफाईचं बिल.

आता त्या विन्त्सरच्या रात्रीबद्दल. ‘लांडफेरग्न्युगन’ नावाची एक योजना आहे. वर्षाची सभासदी घेतली की त्यातल्या शेतांवर आणि वाइनवाल्यांकडे एक रात्र, 24 तासांपर्यंत, फुकट थांबता येतं. बहुतेक ठिकाणी सोयी काहीच नसतात आणि आधी कळवावं लागतं. आम्ही साध्या पैसे देऊन राहायच्या जागी गेलो, कारण आईसाठी घरातला संडास वापरू द्याल का, हे फोनवरच विचारायचं होतं. बाईंनी लगेच हो म्हटलं. लाजू नका, विचारा.

संध्याकाळी त्यांच्याच अंगणात ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ चालू होतं. शेतकऱ्याला वर्षातले चार महिने स्वतःची वाइन आणि साधं खाणं विकता येतं, तेच हे. आईने कांद्याचा केक डुकराचं मांस न घातलेला मागितला. ‘ओने श्पेक’ हे दोन शब्द शाकाहारी मंडळींनी पाठच करावेत. बाबा मात्र ग्लासाकडे न बघता वेलीकडे बघत होते. शेवटी मला म्हणाले, "विचार त्याला, वर्षातून छाटण्या किती?" विन्त्सर म्हणाला, एकच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आमच्याकडे दोन, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोड, हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा तो उठून आतून कात्री घेऊन आला. मग दोघं अंधार पडेपर्यंत बांधावर. मला निम्मे शब्द येत नव्हते, त्यांना माझी गरजही नव्हती. कॅम्पिंगप्लात्सवर हे घडलं नसतं.

तारखा मात्र सांभाळा. सप्टेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारी बाड ड्युर्कहाइमला ‘वुर्स्टमार्क्ट’ भरतो. नावात सॉसेज असलं तरी ती वाइनची जत्रा, आणि जगातली सर्वांत मोठी समजली जाते. तेव्हा आसपास जागा मिळणं कठीण. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तर हा सगळा रस्ताच मोटारींना बंद ठेवून सायकलवाल्यांना दिला जातो. श्टेलप्लात्सवर पुष्कळदा बुकिंग नसतंच, जो आधी येईल त्याची जागा. म्हणून आम्ही रविवारी दुपारी निघालो, सगळे परतत असताना. तोडणीचे दिवस असल्याने बांधावरच्या अरुंद रस्त्यावर गाडी लावू नका. ट्रॅक्टर अडला की शेतकरी चिडतो, मग तो निफाडचा असो की इथला. सीमा ओलांडून विसेंबूरला जाणार असाल तर आई-बाबांचे पासपोर्ट बरोबर ठेवा, परतताना तपासणी होऊ शकते.

विन्त्सरने बाबांना छाटणी बघायला जानेवारीत बोलावलं आहे. तेव्हा पाणी गोठतं म्हणून बऱ्याच श्टेलप्लात्सवर नळ बंद असतात, त्यामुळे कॅम्पर नाही, खोलीच बघावी लागेल. बाबा तयार आहेत. फक्त जानेवारीत निफाडला त्यांचीच द्राक्षं तोडणीला येतात.